उत्तर: तक्ता दिला तर मुलगी बोलायची थांबेल का?

ताई, चित्रांवर बोट ठेवून बोलायचा तक्ता हाती दिला तर मुलगी तोंडाने बोलायची थांबेल, ही तुमच्या सासूबाईंची भीती अगदी ओळखीची आहे, आमच्या आईलाही हेच वाटायचं. पण 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी अशा पर्यायी साधनांवरच्या जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात ज्या 27 जणांबद्दल भक्कम पुरावा होता, त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलंच, फार नाही, पण वाढलं.

मराठीतून सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईतून आलेलं 'जेलो' हे चित्रांतून बोलायचं मोफत ॲप बघा. नाहीतर पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवा, तेही चालतं. मात्र 'नाही' आणि 'नको' ही दोन वेगळी चित्रं हवीतच. इंग्रजी तक्त्यावरून उतरवलेल्या तक्त्यात बऱ्याचदा एकच 'नाही' असतं. मग भाताला 'नको' म्हणायचं तर मुलाने काय दाखवायचं? आमचा लेक तक्त्यावरून पहिल्यांदा स्वतःहून बोलला ते 'नको'च होतं, दुधाच्या पेल्याला. मी पेला लगेच उचलला. त्याचं ऐकलं जातं हे त्याला त्याच दिवशी कळलं असावं.

आणि तिला "दाखव, दाखव" म्हणू नका. आधी तुम्हीच बोट ठेवत बोला, "आणखी पोळी हवी?" असं, रोज, जेवताना, महिनोन्महिने. शाळेत तक्ता दप्तरात कोंडून ठेवत असतील (आमच्याकडे ठेवत होते) तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. त्यात संवादाच्या व्याख्येतच अशी पर्यायी साधनं आहेत.

तुमची मुलगी किती वर्षांची आहे?