मदत हवी आहे : पन्नाशीनंतर शीघ्रकोपी स्वभाव खरोखर बदलतो का?

माझे वय ५१ असून शीघ्रकोप हा माझा जुना स्वभावदोष आहे. थायरॉइड व रक्तदाब तपासून घेतले, दोन्ही ठीक आहेत, व्यसन नाही. दहा दिवसांचे विपश्यना शिबिर दोनदा केले, वर्षभर रागाची नोंदवहीही ठेवली. त्यामुळे आरडाओरडा बराच कमी झाला, परंतु आतली चीड तशीच राहिली, आणि घरचे ‘जित्याची खोड’ एवढेच म्हणून थांबतात.

वाचनाने पेच वाढला. तिशीपर्यंत स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहिले. उलट २००६ साली ९२ गटांवरील दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात भावनिक स्थैर्य, विशेषतः विशी ते चाळिशीच्या दरम्यान, वाढत असल्याचे आढळले. माझी चाळिशी तर केव्हाच उलटली. (वाल्या कोळ्याचा दाखला कृपया नको, मला नारद भेटण्याची शक्यता कमी आहे.)

समुपदेशनाची तयारी आहे, मात्र निवासी शिबिरासाठी आता रजा मिळणार नाही. पन्नाशीनंतर केवळ वागणे नव्हे, तर मुळातली चीडच ओसरल्याचा अनुभव कोणाला स्वतःच्या किंवा निकटच्या व्यक्तीच्या बाबतीत आला आहे का, तो कशामुळे आला आणि किती वर्षे टिकला?