रात्रीचं वरचं दूध आधीच करून ठेवलं तर चालतं का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
बाळ चार महिन्यांचं आहे. डॉक्टरांनी डब्यातली पावडर सुरू करायला सांगितलीय. रात्री बारा, तीन आणि सहाला प्रत्येकी १२० मिली लागतं. दहालाच तिन्ही बाटल्या करून ठेवल्या तर? सासूबाई म्हणतात, गरम दूध थर्मासात भरून उशाशी ठेव. शिवाय पुढच्या आठवड्यात एसटीने पुण्याला जायचंय.

दूधकट्टा
ताई, थर्मासात दूध अजिबात नको. विरजण लावायला आपण दूध ज्या कोमटपणावर ठेवतो, तोच जंतूंना मानवतो. आणि पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद डब्यातलीसुद्धा. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे आजार करणारे जंतू असू शकतात. कोरड्या पावडरीत ते गप्प पडून असतात, ओल आणि ऊब मिळाली की वाढतात.

आधी करून ठेवायचंच तर असं करा. बाटल्या-निपल घासून धुवा आणि पातेल्यात पूर्ण बुडवून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, झाकण ठेवून १० मिनिटं उकळा. पिण्याचं पाणी वेगळं उकळा, आरओचं असलं तरी. साधारण लिटरभर पाणी असेल तर गॅस बंद केल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या वर असतं आणि पावडरीतले जंतू मरतात.

बाटलीत आधी पाणी, १२० च्या रेघेपर्यंत, मग पावडर. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक माप असतं, म्हणजे चार; तुमच्या डब्यावर बघून घ्या. माप दाबून भरायचं नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचं. पावडर विरघळली की दूध १३० च्या आसपास दिसतं. चुकलं समजून ओतून टाकू नका. पावडर जास्त झाली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं, पाणी जास्त झालं तर पोषण.

बाटली लगेच नळाखाली किंवा बर्फाच्या पाण्यात धरून गार करा, पाणी झाकणाच्या खाली राहू द्या. मग फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दारात नको. ५ अंश किंवा कमी असेल तर २४ तास चालतं. तिन्ही बाटल्या वेगळ्याच करा, मोठ्या भांड्यातलं दूध लवकर गार होत नाही.

देताना बाटली गरम पाण्याच्या वाटग्यात ठेवा, पण १५ मिनिटांच्या वर नाही. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे कोमट तर कुठे चटका बसेल इतकं तापतं. मनगटावर थेंब टाकून बघा. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात फेका, परत फ्रीजमध्ये नाही.

पंचगंगा_घाट
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. डब्यावर बहुधा ‘उकळून कोमट केलेलं पाणी’ छापलेलं असतं, त्यामुळे लोक गोंधळतात. ७० अंशांची सूचना जागतिक आरोग्य संघटनेची, २००७ सालची, आणि ती या जंतूंसाठीच आहे. पावडरीत प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले जंतू, असतील तर ते या तापमानाला मरतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर ७० अंशांचा नियम मोडू नयेच.

एसटीसाठी थर्मास न्या, पण त्यात उकळतं पाणी भरा, दूध नाही. आधी गरम पाण्याने खळबळून मग काठोकाठ भरा. पावडर चार-चार मापं कोरड्या, झाकणाच्या छोट्या डब्यांत. दूध वेळेवर करून बाटली गार पाण्याच्या डब्यात धरा. निघायच्या आधी एकदा घरी भरून, पाच तासांनी पाणी किती गरम राहतं ते थर्मामीटरने बघा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
धन्यवाद. आणि रात्री लाईट गेली तर?

दूधकट्टा
फ्रीजचं दार उघडलं नाही तर साधारण चार तास गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल, किंवा कधी गेली तेच कळलं नसेल, तर त्या बाटल्या ओतून द्या आणि ताजं करा.