डोंबिवली ते सीएसएमटी: गाड्या वाढवायच्या की ऑफिसच्या वेळा बदलायच्या?

फलाट_पाच:
कल्याण-डोंबिवलीच्या गर्दीवर बोलताना आपण गाड्यांचा हिशोब मांडतो, वेळेचा मांडत नाही. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. जलद लोकलला वेळापत्रकात तासाभराच्या आसपास, धिमीला त्याहून बरंच जास्त. आता घराच्या दारापासून मोजा. शेअर रिक्षाच्या रांगेसकट स्टेशन गाठायला २० मिनिटं. पूल चढून-उतरून आपल्या डब्याच्या जागी उभं राहायला ५. चढताच आलं नाही म्हणून सोडलेल्या दोन गाड्यांची १०. प्रत्यक्ष गाडीत ६५. सीएसएमटीहून फोर्टात चालत १०. झाले एक तास पन्नास मिनिटं, तेही पाऊस नसताना, सिग्नल धड असताना.

यातली सोडलेल्या गाड्यांची १० मिनिटं आणि जीवघेणी रेटारेटी एकाच कारणाने आहे: फोर्ट, नरिमन पॉइंट, मंत्रालय सगळं साडेनऊ ते साडेदहात उघडतं. राज्य सरकारने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा पावणेदहा ते सव्वासहा अशी एकच वेळ जवळपास सगळ्यांना दिली. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या मुख्यालयात दोन पाळ्या केल्या, साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ, आणि इतरांनाही तसं करायला सांगितलं. सरकारी कार्यालयं, बँकांची मुख्यालयं, विमा कंपन्या यांनी आठ, साडेनऊ, अकरा अशा तीन तुकड्या कराव्यात. ना रूळ टाकायचे, ना जमीन घ्यायची.

पाळणाघर_सात_पर्यंत:
असहमत. कागदावर सोपं वाटतं, कारण त्यात घर धरलेलंच नाही. फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाप्रमाणे चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरतात. मुलाला शाळेत सोडून निघणाऱ्या बाईला आठची पाळी अशक्य. अकराचीही जमत नाही, कारण सकाळी सव्वानऊला निघून वेळेत पोचली तरी संध्याकाळी साडेसातला सुटून घरी यायला नऊ-सव्वानऊ. बरीचशी पाळणाघरं सात-साडेसातला मूल न्यायला सांगतात. म्हणजे तीन तुकड्या केल्या तरी, मुलाला शाळेत सोडायचं दुसऱ्या कोणाकडे देऊन, तिच्यासाठी मधलीच उरते, आणि मधल्या गाडीला आजच्याइतकीच गर्दी राहिली तर तिचं काहीच सुटलं नाही.

शिवाय त्या गाडीत सगळे ऑफिसवाले नसतात. दुकानातले विक्रेते, रुग्णालयातल्या आया, कुरिअरवाले, कॅन्टीनचे आचारी यांच्या वेळा मालक ठरवतो.

यार्डातून:
वरच्या हिशोबात थांब्याचा वेळ राहिला. जलद गाडी ठाण्याला, घाटकोपरला, दादरला वीस ते तीस सेकंद थांबावी असं धरून वेळापत्रक बसवतात. गर्दीत चढणारे आणि उतरणारे एकाच दारात अडकले की तोच थांबा पाऊण मिनिटावर जातो. पाच स्टेशनांवर वीस-वीस सेकंद जास्त गेले की गाडी दीड मिनिटाच्या वर मागे पडते. मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असते, तिला पिवळा मग लाल सिग्नल मिळतो. सकाळी साडेआठनंतर माटुंगा-परळच्या मध्ये गाड्या रांगेत उभ्या दिसतात त्याचं मोठं कारण हे. म्हणून एका गाडीत जास्त माणसं मावणं महत्त्वाचं.

बाराऐवजी पंधरा डबे म्हणजे त्याच वेळेत, त्याच मोटरमनकडून २५ टक्के जास्त जागा. मध्य रेल्वेवर पंधरा डबे २०१२ पासून आहेत, पण फेऱ्या मोजक्या आणि जलद मार्गावर. पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये अंधेरी-विरार धिम्या मार्गावरही त्या सुरू केल्या. इथे काय अडतं? प्रत्येक फलाट साठ-पासष्ट मीटर लांबवावा लागतो. फलाटाच्या टोकाला सिग्नल असेल तर तो पुढे न्यायचा, जवळ सांधा (गाडी रूळ बदलते ती जागा) असेल तर तोही सरकवायचा, वायरचे खांब हलवायचे. रात्री गाडी उभी करायची लाइन आणि कारशेडमधला गाडी खालून तपासायचा खड्डा तेवढ्या लांबीचा हवा. यातलं एक राहिलं तरी गाडी चालत नाही. कठीण आहे, पण होणारं काम आहे.

फलाट_पाच:
२०१२ पासून होणारं काम आहे, हेच माझं म्हणणं.

दार_बंद_हवं:
दोघांच्याही हिशोबात दारात लटकणारा माणूस नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली, जीव गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका (जादा दोन रूळमार्ग) झाली, तेव्हा पारसिक बोगद्याचा मार्ग मेल-एक्सप्रेसला गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळल्या. वळणावर गाडी कलते, पाठीवरची सॅक दाराबाहेर असते, समोरून दुसरी गाडी येते. सॅक पोटावर घ्या हे सांगणं बरोबरच, पण तो उपाय नव्हे.

एसी लोकल डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिमेवर आली, मे २०२२ मध्ये तिचं तिकीट निम्मं झालं. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोकांनी आंदोलन केलं, कारण साध्या गाडीच्या वेळेला एसी लावली होती. राग एसीवर नव्हता, साधी गेल्यावर होता. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर रेल्वेने बिनएसी गाडीला आपोआप बंद होणारी, हवेसाठी झडपा असलेली दारं, छतातून हवा आणि डब्यातून डब्यात जायची वाट असा आराखडा सांगितला. मला तोच पटतो. डब्यांतून आत जाता आलं तर दाराशी गठ्ठा होणार नाही.

यार्डातून:
पटतं, पण बंद दाराची अट आधी धरा. एक माणूस दारात अडकला तरी दार लागत नाही आणि गाडी हलत नाही. थांबा लांबला की मागची रांग तशीच. म्हणून दार आणि पंधरा डबे एकत्र यायला हवेत. आणि पाचवी-सहावी कुर्ल्याला संपते. तिथून सीएसएमटीपर्यंत मेल-एक्सप्रेस जलद लोकलच्याच रुळांवर येतात. सकाळी एक लांबची गाडी उशिरा येऊन मध्ये घुसली की तिच्यामागे दोन-तीन लोकल ताटकळतात.

ऐरोली_बदलून:
सगळ्यांनी सीएसएमटीच धरलंय. ऐरोली, घणसोली, महापेकडे जाणाऱ्यांचं काय? कल्याणहून येणारा माणूस ठाण्याच्या मधल्या फलाटांवर उतरतो, पुलावर चढतो, ट्रान्स-हार्बरसाठी (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल) ९-१० नंबरच्या फलाटावर जातो. त्याच पुलावर समोरून वाशीहून आलेली गर्दी. जलद गाडीत ज्याला फक्त ठाण्यापर्यंत जायचंय तो दादरवाल्याची जागा अडवतो, आणि ठाण्याला आधी उतरू दिलं नाही की दोघांचं भांडण. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला तर कल्याणची गाडी ठाणे टाळून थेट नवी मुंबईत जाईल. त्याच प्रकल्पातलं दिघा स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण जोडणारा पूल मार्गातल्या वस्तीच्या पुनर्वसनावर अडला. ठाण्याची गर्दी कमी करायची तर वेळा आणि डबे यांच्याही आधी हे.

फलाट_पाच:
पाळणाघराचा मुद्दा मान्य. तीन तुकड्या साहेबाने वाटायच्या नाहीत, माणसाने आपली वेळ निवडायची, आणि तीन महिन्यांनी बदलता यावी. ज्याला काउंटरवर बसावं लागत नाही अशा विभागांपासून सुरुवात करा: हिशोब, नोंदणी, संगणक, पत्रव्यवहार. या लोकांतले पाचातले दोन जरी आठला किंवा अकराला गेले तरी मधल्या गाडीत लहान मूल असलेल्या बाईला पाय टेकवायला जागा होईल. डब्यांचं कामही व्हावं, मी विरोधात नाही. पण ते होईपर्यंतची वर्षं कोणी भरून द्यायची?

पाळणाघर_सात_पर्यंत:
निवड असेल तर माझा विरोध अर्धा संपला. उरलेला अर्धा रात्रीचा. अकराच्या तुकडीतली बाई डोंबिवलीला पावणेनऊ-नऊला उतरेल. तोवर शेअर रिक्षाची रांग विरळ होते, चौथं सीट भरेपर्यंत रिक्षा हलत नाही, नाहीतर पूर्ण भाडं मागतात. संध्याकाळी आठनंतर दोन जलद गाड्यांमधलं अंतर वाढतं तेही पाहा. अकराची पाळी जाहीर करणाऱ्या कार्यालयाने त्याच दिवशी रेल्वेला पत्र द्यावं की रात्री साडेआठपर्यंतच्या कल्याणकडच्या जलद फेऱ्या कमी करू नका, आणि आरटीओला की रात्री साडेदहापर्यंत शेअर रिक्षाच्या रांगेवर माणूस ठेवा. ही दोन पत्रं निघाली तर अकराची पाळी मी स्वतःहून सुचवेन.