एका अंगात तीन-चार दुखणी: गोव्यातल्या मंडळींनी आपापली रीत सांगावी

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, मूत्रपिंड. डॉक्टर चार, चिठ्ठ्या चार, पोट एकच. वेळा, मापं आणि कुठे चुकतं ते लिहा.

फोंडा
थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याशी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोह नि कॅल्शियम ४ तास लांब ठेवा. ती या गोळीला आतड्यातच अडकवतात. मग टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) चढतो आणि उगाच डोस वाढतो. साखरेची मेटफॉर्मिन जेवणासोबत. साखरेचीच दुसरी गोळी ग्लिमेपिराइड घेऊन पेजेला उशीर केलात तर साखर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात. लगेच ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. तेव्हा पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा जाते.

मडगाव
मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. सुका बांगडा, सुकी सुंगटं (कोळंबी), लोणचं यांतलंही त्यात धरा. सुकं नुस्तं (मासळी) भिजवून पाणी ओतलं तरी मीठ उरतंच. म्हणून 'लो सोडियम' मीठ आणावं, तर त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अशक्त असताना हे पोटॅशियम अंगात साठतं, शहाळ्यातलंही. रक्तदाबाची रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लघवीची स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर आणखीच. हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणि शहाळं, दोन्ही नकोत.

पेडणे
गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेऊ नका. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना ही तिसरी पडली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीतला आकडा) चढतं. जुलाब-उलट्यांत धोका वाढतो. अशा दिवशी कुठली गोळी थांबवायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

काणकोण
न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं फेकूनच द्या. पावसात वीज गेली की फ्रीजचं दार उघडू नका, साधारण ४ तास थंडावा टिकतो. मातीच्या मडक्याची युक्ती उन्हाळ्यात बरी. पावसाळ्यात हवाच दमट, पाणी उडत नाही, मडकं गार होत नाही.

म्हापसा
बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाताना एकच कागद न्या: औषधाचं मूळ नाव, मिलीग्रॅम, वेळ, कशासाठी, कुणी दिलं. कंपनीची नावं वेगळी असली की एकच औषध दोनदा पोटात जातं. मूळ नावं शेजारी-शेजारी लिहिली की ते लगेच दिसतं.