स्वतःचाच पेपर रिपॉझिटरीत (पेपर फुकट वाचायला ठेवायच्या ऑनलाइन साठ्यात) टाकायचाय, नेमकी कुठली फाईल टाकू?

भुरीवाला_सांगली
नमस्कार मंडळी. द्राक्षावरच्या भुरी रोगावर माझा एक पेपर गेल्या वर्षी परदेशी जर्नलमधे आला. परवा तासगावच्या एका बागायतदारांचा फोन, सर ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, तुमचा तो लेख वाचायला द्या की, लिंक उघडली तर पस्तीस डॉलर मागतंय. लाजच वाटली ओ. बाग त्यांची, भुरी लागलेली पानं मी त्यांच्याच बांधावर बसून पिशवीत भरलेली, आणि वाचायला त्यांनीच पैसे द्यायचे? तर तो पीडीएफ सरळ रिसर्चगेटवर (संशोधकांच्या सोशल साइटवर) टाकला तर चालतंय का? का शोधगंगेवर टाकायचा?

ग्रंथपाल_सातारा
थांबा सर, जर्नलनं छापलेला पीडीएफ नका टाकू. सबस्क्रिप्शनवालं जर्नल असेल तर त्याचे हक्क बहुतेक वेळा आपणच सही करून प्रकाशकाला दिलेले असतात, तो फॉर्म कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. तुम्हाला पाहिजे ती रिव्ह्यूअरच्या सगळ्या दुरुस्त्या करून शेवटी पाठवलेली वर्ड फाईल, तिला ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट म्हणतात. बरेच प्रकाशक ती ठेवू देतात, फक्त कुणी १२ महिने थांबा म्हणतं कुणी २४. शेर्पा रोमिओवर जर्नलचं नाव टाकून बघा (आता ते ओपन पॉलिसी फाइंडर झालंय), कुठली फाईल कुठं आणि कधी टाकायची ते तिथं असतं. शोधगंगा पीएचडीच्या थीसिससाठी आहे, तिथं पेपर नाही चालत.

मिरजेचा_स्कॉलर
+१. मी छापील पीडीएफच टाकला होता एका साइटवर, चार महिन्यांनी प्रकाशकाची तक्रार आली आणि साइटनं काढला, वर गाईडची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता झेनोडो ही रिपॉझिटरी वापरतो, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं आहे, २०१३ पासनं चालू, फुकट, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर) पण मिळतो. थांबायची मुदत असली तर तारीख टाकून ठेवायची, त्या दिवशी फाईल आपोआप उघडते. जर्नलचा मूळ डीओआय रेकॉर्डमधे जोडायला विसरू नका. आणि सहलेखकांना आधी विचारा, नाहीतर भांडणं लागतात.

भुरीवाला_सांगली
झालं एकदाचं. फाईल शोधण्यात दोन रात्री गेल्या, 'फायनल_फायनल' नावाच्या तीन निघाल्या, खरी सापडली एडिटरला केलेल्या मेलमधे. १२ महिने गेल्या महिन्यातच संपलेत त्यामुळं लगेच टाकली. त्या बागायतदार दादांना लिंक पाठवली तर म्हणतात, सर इंग्रजीचं मी काय करू, गंधक कधी मारायचं तेवढं मराठीत लिहा की! मराठी सारांश त्याच रेकॉर्डला जोडता येतो का?

ग्रंथपाल_सातारा
येतो, पण एकदा पब्लिश केल्यावर फाईल वाढवायची तर सहसा नवीन व्हर्जन करावं लागतं आणि त्याचा डीओआय वेगळा असतो. सगळ्या व्हर्जनांचा मिळून एक सामाईक डीओआय दिसेल तिथं, दादांना तोच पाठवा, तो कायम नव्या व्हर्जनवर नेतो.