जुलैमध्ये हायड्रोफोन एवढा का खवळतो?

खारावारा:
आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्डनमध्ये (हा फ्योर्ड, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली चिंचोळी खाडी) हायड्रोफोनने, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनने, केलेल्या रेकॉर्डिंगवर काम करतेय. एप्रिलमध्ये बऱ्यापैकी शांत असतं, दाढीवाल्या सीलची ती लांब, खाली घसरत जाणारी शीळ तेवढी ऐकू येते. जुलैत मात्र १ ते ३ किलोहर्ट्झला लेव्हल सतत चढलेली, वारा पडलेला असला तरी. वाऱ्याच्या वेगावरून पाण्यातला नॉइज किती असेल याचा अंदाज काढायचा हिशोब अजिबात जुळत नाहीये. हायड्रोफोन बिघडला समजून हा डेटा टाकून देऊ का?

दर्यावर्दी:
अगं नको टाकूस! तो हिमनदीचा आवाज आहे. तिच्या बर्फात हवा दाबाखाली कोंडलेली असते, बर्फ वितळला की बुडबुडा फट्‌कन सुटतो आणि असे असंख्य बुडबुडे एकाच वेळी. हेडफोन लावून ऐक, तेलात मोहरी तडतडावी तसं वाटेल. समुद्राचं पाणी गोठून झालेल्या बर्फाचं वेगळं, तो थंडी एकदम वाढली की तडकतो आणि सलग पसरलेला असला तर उलट वारा-लाटांचा आवाज खाली येऊच देत नाही.

तळठाव:
बरोबर, पण त्या दिवसाचं सीटीडी प्रोफाइल (खोलीनुसार तापमान आणि खारटपणाची मोजणी) बघितल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस. तिथल्या थंड पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १४४० मीटर, तापमान एक अंश वाढलं की साडेचारने वाढतो, खारटपणा (किलोमागे ग्रॅम मीठ) एकने उतरला की सव्वाच्या आसपास कमी होतो. उन्हाळ्यात वितळलेलं गोडं पाणी वर तरंगतं, समज वर खारटपणा ३४ चा २८ झाला, म्हणजे वेग आठेक मीटरने घटला, आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो त्यामुळे बराचसा त्या वरच्या थरातच अडकून राहतो. वरचं पाणी तापलं असेल तर हेच उलटतं. म्हणजे तोच बर्फ, तेच अंतर, पण हायड्रोफोन १० मीटर खोलीवर की ६० वर यावर तुझा आकडा बदलणार.

निळाई:
१०० हर्ट्झच्या खालचं जपून वापर. प्रवाहाने मूरिंगचा, म्हणजे तळाशी नांगरून उपकरणं लावलेला, दोर थरथरतो, तो आवाज समुद्राचा नव्हे. साडेबारा तासांनी चढउतार दिसला तर भरतीओहोटीच समज. आणि गोव्याच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेने चेन्नईच्या एनआयओटी या सागरी तंत्रज्ञान संस्थेबरोबर २०१४ मध्ये याच फ्योर्डमध्ये इंडआर्क मूरिंग टाकलं, त्यावर तापमान-खारटपणाचे सेन्सर आहेत, तो डेटा मिळतो का बघ.

खारावारा:
ऐकलं, खरंच तडतड आहे! मध्येच एकदा लांबवर गडगडाट, बहुतेक हिमनदीचा कडा कोसळला असावा. माझ्याकडची सीटीडीची फाइल जूनची निघाली, जुलैची आजच मागते.