आतड्याच्या अस्तरासाठी प्रोबायोटिक: सरसकट घ्यावं का?

पाऊलवाट
पोट जरा बिघडलं की हल्ली सल्ला येतो, "आतडं गळकं झालंय (म्हणजे अस्तरातून नको ते रक्तात झिरपतंय), प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी मानले जाणारे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट, घे." धडधाकट माणसाने यावर पैसे घालवू नयेत असं माझं ठाम मत आहे. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, तोही चार-पाच दिवसांत आपोआप नवा होतो. मोठ्या आतड्यात या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट. ते आपलेच जिवाणू तंतुमय अन्न आंबवून तयार करतात. मग आधी जेवणातले तंतू वाढवा.

कवडसा
असहमत. आईला अँटिबायोटिक सुरू झालं की तिसऱ्या दिवशी जुलाब ठरलेले. या वेळी डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून सॅकरोमायसिस बुलार्डी हे प्रोबायोटिक दिलं आणि काहीच त्रास झाला नाही. ते यीस्ट असल्यामुळे जिवाणू मारणाऱ्या औषधाने मरत नाही. घरात फरक दिसत असताना नाही कसं म्हणू?

पाऊलवाट
तेवढं मान्य. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी काही प्रोबायोटिकांचा उपयोग चाचण्यांत दिसलाय. पण जुलाब थांबले म्हणजे अस्तर दुरुस्त झालं, असं नाही. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने निरोगी लोकांना अँटिबायोटिक देऊन पाहिलं. नंतर ज्यांनी प्रोबायोटिक घेतलं, त्यांचे मूळचे जिवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षाही जास्त वेळ लागला.

निशिगंध
मी अतिदक्षता विभागात काम करते, म्हणून राहवत नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांना नळीतून प्रोबायोटिक दिलं होतं. हेतू हाच, की आतड्याची तटबंदी टिकावी आणि जिवाणू रक्तात शिरू नयेत. २००८ मध्ये निकाल आले: प्रोबायोटिक गटात १६ टक्के मृत्यू, ते न दिलेल्या गटात ६ टक्के. प्रोबायोटिक गटात नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. घरी कॅप्सूल घेणाऱ्याला हे लागू नाही, कबूल. पण "घेऊन बघ, अपाय तर नाही" हे वाक्य गंभीर आजारी माणसाच्या उशाशी कुणी बोलू नये. कृपया.

कवडसा
हे माहीत नव्हतं, वाचून हादरले. आईच्या बाबतीत मात्र मत बदललेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर पुन्हा देईन. आत्ता कपाटातली दुसरी बाटली काढून पाहिली, ही मीच आणलेली. वर नुसतं "लॅक्टोबॅसिलस" हे जिवाणूचं नाव आणि जिवाणूंचा अब्जांतला आकडा. कुठला स्ट्रेन (जिवाणूचा नेमका उपप्रकार), कशासाठी, काही नाही. ही नाही देणार.